एका पेटीवाल्याचं मतांतर

पियानोवर मींड निघत नाही, आणि जिथं मींड नाही तिथं गाणं नाही. हे माझं मत होतं. धाराशिवात या मुद्द्यावर कुणी उलट बोलण्याची शक्यता फारशी नसल्यानं ते मी मोठ्या ठसक्यात मांडतही असे. त्यातून पियानो कॉन्चेर्टो म्हणजे तर माझ्या रागाला आयतंच निमित्त. साठ-सत्तर वादकांचा ताफा, मध्ये एक अजस्र काळं वाद्य, पुढं छडी घेऊन उभा असलेला माणूस आणि सगळ्यांसमोर छापील कागद. ऐकणारेही असे, की मान डोलवायची सोय नाही, वाहवा म्हणायची सोय नाही, मध्येच कुणी टाळी दिली तर शेजारचा वळून बघणार. कागदात बघून वाजवायचं आणि तोंड मिटून ऐकायचं, याला संगीत म्हणायचं तर कवायतीला काय म्हणायचं, असं मी वाचनालयातल्या एका छोट्या कार्यक्रमात बोललो होतो. लोक हसले. मलाही ते वाक्य आवडलं होतं.

ते मत आता माझ्याकडं नाही. निदान तसंच्या तसं नाही.

गंमत अशी, की मी स्वतः पेटी वाजवतो. शाळेतली नोकरी संपली, पण भजनी मंडळ आणि हरिनाम सप्ताह सुटले नाहीत. आता पेटीवर तरी मींड कुठं निघते? पियानोवर जे तीन आरोप मी करत होतो, तेच पेटीवर फार पूर्वी झालेले आहेत : सुरांमधली वाट तिला चालता येत नाही, तिच्या पट्ट्या समान अंतरावर बसवलेल्या असल्यानं श्रुती हुकतात, आणि ती परकी आहे. या आरोपांवरूनच १९४० साली ऑल इंडिया रेडिओनं पेटीला बंदी केली. ती १९७१ पर्यंत टिकली आणि नंतरही अटी घालूनच उठली. परकेपणाचा आरोप तर खराच होता. अलेक्झांडर डेबेन नावाच्या कारागिरानं १८४२ मध्ये पॅरिसला या वाद्याचं पेटंट घेतलं, आणि कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी त्याला हातभात्याचं, मांडी घालून वाजवायचं रूप दिलं. आमच्या नाट्यसंगीतानं तर पायपेटी, म्हणजे सरळसरळ ऑर्गनच घरात घेतला. या सगळ्यावर मी पेटीची बाजू हिरीरीनं लढवायचो. मराठवाड्याच्याच मातीतल्या अप्पा जळगावकरांची संगत ऐका म्हणायचो. गायक जिथून जातो तिथून पेटी जाऊ शकत नाही, पण ती अशा दोन स्वरांवर बोट ठेवते की मधली वाट ऐकणाऱ्याचा कान आपण होऊन भरून काढतो. हाच युक्तिवाद पियानोला लावायचं मात्र मला कधी सुचलं नाही. खरं सांगायचं तर सुचलं होतं, पण सोयीचं नव्हतं.

म्हणून तर्कानं माझं मत बदललं, असं मी म्हणणार नाही. विसंगती पूर्वीपासून दिसत होती. माणूस विसंगतीबरोबर आरामात संसार करतो.

बदल घडला तो एका ध्वनिमुद्रणानं. मरे पेराया हा १९४७ साली न्यूयॉर्कमध्ये जन्मलेला पियानोवादक. १९७२ मध्ये इंग्लंडातल्या लीड्सची पियानो स्पर्धा त्यानं जिंकली. पुढं १९७०च्या दशकाच्या मध्यापासून १९८०च्या दशकाच्या मध्यापर्यंत त्यानं लंडनच्या इंग्लिश चेंबर ऑर्केस्ट्राबरोबर मोझार्टचे पियानो कॉन्चेर्टो एकामागून एक ध्वनिमुद्रित केले. चेंबर ऑर्केस्ट्रा म्हणजे दालनात मावेल एवढा, मोजक्या वादकांचा संच. छडीवाला नाही. पेराया पियानोवर बसूनच सगळ्यांना चालवतो, मोझार्ट स्वतः चालवत असे तसं. मुलीनं पुण्याहून फोनवर यातला एक पाठवला आणि खाली लिहिलं, ‘बाबा, पियानो ऐकू नका. क्लॅरिनेट ऐका.’

पोरगी हुशार. क्लॅरिनेट मला परका नाही. आमच्याकडं लग्नाच्या बँडमध्ये वरातीच्या पुढं जो काळा, लांब, कुणाच्याही काळजाला हात घालणारा सूर असतो, तो क्लॅरिनेटचाच. मोझार्टच्या नावावर २७ पियानो कॉन्चेर्टो मोजतात (त्यातले पहिले चार म्हणजे त्यानं पोरवयात इतरांच्या रचना घेऊन केलेली जुळणी), आणि या साऱ्यांत क्लॅरिनेट आहे फक्त तिघांत. तिनं पाठवलेला त्यातलाच होता : तेविसावा, क्योखेलनं केलेल्या मोझार्टच्या रचनांच्या यादीतला क्रमांक ४८८. मोझार्टनं तो २ मार्च १७८६ रोजी आपल्या वहीत नोंदवला. ताशा-नगारा नाही, तुतारी नाही, त्या काळी हमखास असणारी ओबो नावाची सनईसारखी वाद्यंसुद्धा नाहीत. एक बासरी, दोन क्लॅरिनेट, बसून नावाची खर्जातली दोन फुंकीची वाद्यं, दोन हॉर्न आणि तंतुवाद्यं, बस्स.

सुरुवातीला पियानो बराच वेळ गप्प असतो. पूर्वी मला याचाही राग यायचा, की ज्याच्या नावानं कार्यक्रम तोच बसून राहतो. पण तुळजापूरच्या गोंधळात तरी काय होतं? गोंधळी तोंड उघडायच्या आधी संबळ आणि तुणतुणं वातावरण तापवतात, मग तो पुढं येतो, आणि आल्याबरोबर कळतं की आता गोष्ट सांगणारा आला. इथं तंतुवाद्यं चाल मांडतात, फुंकीची वाद्यं तीच उचलून पुन्हा म्हणतात, आणि सगळं अंगण झाडून झाल्यावर पियानो येतो.

खरं प्रकरण मात्र दुसऱ्या भागाचं. पहिला भाग पांढरी सहाचा, हसरा. दुसरा एकदम काळी तीनमध्ये जातो, एफ शार्प मायनरमध्ये. मोझार्टनं साऱ्या आयुष्यात या पट्टीत एवढा एकच भाग लिहिला. पियानो एकटाच सुरू होतो, संथ, झोक्याच्या लयीत. मी सवयीनं पेटीवर स्वर शोधले. गंधार कोमल, धैवत कोमल, निषाद शुद्ध. म्हटलं, हा तर किरवाणी. राग सापडला की आम्हां लोकांना फार बरं वाटतं, जागा मिळाल्यासारखं. आणि तेवढ्यात, पियानोचं बोलणं संपत आलेलं असताना, तिथं कोमल रिषभ आला. किरवाणीत कोमल रिषभाला काही काम नाही. माझा राग मोडला, आणि तो मोडला त्या ठिकाणीच त्या चालीतलं सगळं दुःख साठलेलं होतं. चुकून लागलेला स्वर कसा असतो ते पेटीवाल्याला बरोबर कळतं. हा चुकून लागलेला नव्हता.

मग पियानो थांबतो आणि क्लॅरिनेट व व्हायोलिन बोलू लागतात, खालून बसूनचा सूर त्यांच्या मागोमाग येतो. इथं मला जे ऐकू आलं ते मी पूर्वी मोठ्या ऑर्केस्ट्राच्या ध्वनिमुद्रिकांत कधी ऐकलं नव्हतं, कारण तिथं पन्नासभर तंतुवाद्यांच्या दाटीत ही फुंकीची वाद्यं बुडून जातात. पियानोचा सूर जन्मला की मरायला लागतो. हातोडी तारेवर पडते, नाद उठतो, आणि त्या क्षणापासून तो उतरणीला लागतो. वादकाला त्यात नंतर काही करता येत नाही. पेटीला निदान भाता आहे, सूर धरता येतो. पियानोला श्वासच नाही. आणि मोझार्टला हे माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. म्हणून त्यानं श्वास शेजाऱ्याकडून घेतला. जिथं सूर लांबवायचा, सरकवायचा, भरून आणायचा, तिथं तो पियानोच्या हातून काढून क्लॅरिनेटच्या तोंडी देतो. जिथं थेंबाथेंबानं बोलायचं तिथं पुन्हा पियानोकडं. मी ज्याला वाद्याचं अपंगत्व म्हणत होतो, त्याच्यावर तर सगळी रचना उभी आहे. पियानोला मींड येत असती तर या माणसांची त्याला गरजच पडली नसती.

हा संवाद मोजक्या माणसांत होतो, साठात होत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे, आणि त्याला इतिहासाचाही आधार आहे. मोझार्टच्या काळातल्या व्हिएन्नात अशा मैफलीला तीस-पस्तीस वादक असत, पुष्कळदा त्याहून कमी. त्याचा पियानोही आजच्यासारखा पाच क्विंटलचा नव्हता. आंटोन वाल्टर नावाच्या कारागिराकडचा, लाकडी सांगाड्याचा, पाच सप्तकांचा, चार माणसांनी सहज उचलावा असा तो होता. साल्झबुर्गला तो अजून जपून ठेवलेला आहे. आणि १७८२-८३ मध्ये त्यानं तीन कॉन्चेर्टो असे लिहिले, क्रमांक ४१३, ४१४ आणि ४१५, की फुंकीची वाद्यं नसली तरी दोन व्हायोलिन, एक व्हिओला आणि एक चेलो एवढ्यांच्या साथीवरही ते वाजावेत. हे त्याच्या स्वतःच्याच जाहिरातीत होतं. तिन्हींच्या प्रती तो आगाऊ वर्गणीनं विकत होता, किंमत चार डुकाट. वडिलांना किंमत फार वाटली. पोरानं कळवलं, की एका कॉन्चेर्टोला एक डुकाट तरी मिळायलाच हवा. याच कॉन्चेर्टोंबद्दल वडिलांना लिहिताना त्यानं म्हटलं होतं, की हे फार अवघड आणि फार सोपं यांच्या बरोबर मधले आहेत. जाणकारांना त्यात वेगळं काही सापडेल, पण न जाणणाऱ्यालाही का ते न कळता बरं वाटेल. आमच्या मंडळातल्या कुठल्याही बुवांना हे पटेल.

राहिला कागदाचा मुद्दा. हा मी सहजासहजी सोडणार नव्हतो. पण कागद जवळून बघायला लागलो तर तो पुष्कळ ठिकाणी कोराच निघाला. १७८८ च्या फेब्रुवारीत पुरा केलेला एक कॉन्चेर्टो आहे, क्रमांक ५३७. त्याच्या मूळ हस्तलिखितात पियानोच्या डाव्या हाताची ओळ कितीतरी ठिकाणी रिकामी आहे. वाजवणारा स्वतःच होता, मग लिहायचं कशाला? आज जे वाजवलं जातं ते त्याच्या मृत्यूनंतर छापताना दुसऱ्याच कुणी भरलेलं आहे. त्याच्या बहिणीची, नानर्लची, गोष्ट तर याहून बोलकी. १७८४ मध्ये एका कॉन्चेर्टोच्या संथ भागाबद्दल तिनं तक्रार केली की इथं काहीतरी उणं आहे, आणि त्यानं ते मान्य करून भरलेली, सजवलेली ओळ पाठवायचं कबूल केलं. म्हणजे घरच्या माणसांत ठरलेलंच होतं की कागदावरचं ते हाडं, मांस वादकानं आणायचं. माझ्या भजनाच्या वहीतही अभंगाचे शब्द आणि वर चालीची एखादी खूण एवढंच असतं. ती वही उद्या कुणाला सापडली आणि त्यानं माझ्यावर ‘कागदात बघून वाजवणारा’ असा शिक्का मारला तर?

४८८च्याच दुसऱ्या भागाच्या शेवटाला एक जागा आहे. तंतुवाद्यं गज बाजूला ठेवून बोटांनी तारा छेडतात, आणि वर पियानो एकेक उघडा स्वर टाकत लांब लांब उड्या मारतो. बहुतेक वादक त्या जागा कागदावर आहेत तशाच, मोकळ्या वाजवतात. काही जण मधली अंतरं आपल्या अलंकारांनी भरतात. यावर जाणकारांत वाद आहे. मला स्वतःला मोकळ्याच बऱ्या वाटतात. तिथं दोन स्वरांमध्ये एवढं अंतर आहे की मधून कुठूनही जावं, आणि माझा कान तिथं मींड घेतो. पियानो घेत नाही, मी घेतो.

मान न डोलवणाऱ्या श्रोत्यांबद्दलही थोडं सांगितलं पाहिजे. १७७८ च्या जूनमध्ये पॅरिसला मोझार्टची एक सिंफनी झाली. पहिल्या भागाच्या ऐन मध्यावर अशी एक जागा आली की लोकांनी तिथल्या तिथं टाळ्यांचा कडकडाट केला. ही जागा वाजणार हे त्याला लिहितानाच ठाऊक होतं, म्हणून ती त्यानं शेवटी पुन्हा आणून ठेवली होती, आणि पुन्हा टाळ्या घेतल्या. वडिलांना त्यानं हे सगळं खुशीत कळवलं. कार्यक्रम पार पडल्यावर बाहेर जाऊन त्यानं बर्फाची मिठाई खाल्ली आणि बोललेला नवस म्हणून जपमाळ ओढली. असा माणूस आमच्या तुळजापुरात कुणालाही परका वाटला नसता. गप्प बसून ऐकायची शिस्त नंतरच्या लोकांनी लावली आणि मी तिचं बिल त्याच्या नावावर फाडत होतो.

मंडळात मी हे ऐकवलं. फोनला छोटा स्पीकर जोडून, भजन संपल्यावर. आमचे पखवाजवाले थोडं ऐकून म्हणाले, “गुरुजी, हे सैराटवानी वाटायलंय की.” मी हसलो, पण ते चुकीचं बोलत नव्हते. परांड्याच्या पलीकडं करमाळ्याच्या रानात घडणाऱ्या त्या सिनेमासाठी अजय-अतुल यांनी लॉस एंजेलिसला सोनीच्या स्टुडिओत पाश्चात्त्य वाद्यवृंद वाजवून घेतला होता. २०१६ मध्ये आमच्या जिल्ह्यातल्या पोरासोरांनी हॉर्न आणि व्हायोलिनांचे थवे पाठ केले, आणि त्यांना कुणी परकं म्हणालं नाही. दुसरे एक जण, टाळकरी, यांनी विचारलं, “पर ह्याच्यात गाणारा कुठंय?” याला मी उत्तर दिलं नाही. क्लॅरिनेटची जागा पुन्हा लावली. ते म्हणाले, “हां. हाय.”

परकेपणाचा हिशेब आमच्या जिल्ह्यानं तसा फार आधी मिटवलेला आहे. गोरोबाकाकांचं तेर म्हणजे जुनं तगर. ग्रीक खलाशाच्या प्रवासवर्णनात त्याचं नाव येतं आणि तिथला माल भडोचमार्गे रोमन जगात जात असे. तेरला सापडलेली हस्तिदंती स्त्रीमूर्ती आणि इटलीत पाँपेईच्या राखेखाली मिळालेली मूर्ती बहिणी-बहिणी शोभाव्यात अशा आहेत. तिथून इकडं काय आलं, इकडून तिकडं काय गेलं, याचा जाब त्या काळी तेरमध्ये कुणी विचारला नसावा.

काही मतं मात्र बदललेली नाहीत आणि ती सांगितली नाहीत तर हे मनोगत अर्धं राहील. मोठ्या ऑर्केस्ट्रानं वाजवलेला मोझार्ट मला आजही जड जातो. त्यात दिमाख असतो, बोलणं नसतं. पुष्कळ कॉन्चेर्टोंचा शेवटचा भाग मला पळापळीचा वाटतो. आणि कडेन्झा म्हणून जी जागा असते, जिथं बाकी सगळे थांबतात आणि एकट्या पियानोनं आपल्या मनानं खेळायचं असतं, ती मोझार्ट पुष्कळदा ऐनवेळी सुचेल तशी वाजवी. आजचे बहुतेक वादक ती छापील वाजवतात, पाठ करून. रॉबर्ट लेविन नावाचा अमेरिकन वादक ती जागा खरोखरच तिथल्या तिथं रचतो, तो मला या बाबतीत सगळ्यांत इमानदार वाटतो. छापील आलाप कितीही सुंदर असला तरी आलाप म्हणून तो मला मंजूर नाही. इथं माझा जुना हट्ट कायम आहे आणि तो मी सोडणार नाही.

ध्वनिमुद्रणाचंही एक दुखणं आहे. ४६६ क्रमांकाचा डी मायनरमधला कॉन्चेर्टो ११ फेब्रुवारी १७८५ ला व्हिएन्नात पहिल्यांदा वाजला, तेव्हा वडील तिथं हजर होते. ते पोचले तेव्हा नकलनवीस अजून प्रती उतरवत होता, आणि शेवटचा भाग मोझार्टला एकदा वाजवून बघायलाही वेळ मिळाला नव्हता. ती धांदल, तो धोका फोनवर येत नाही. तो समोर बसूनच घ्यावा लागतो, आणि समोर बसायचं तर आम्हांला मुंबई गाठावी लागते. मेहली मेहतांनी १९३५ मध्ये मुंबईत बाँबे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला, त्यांचा मुलगा झुबिन जगभर गाजला, २००६ पासून एनसीपीए या कलाकेंद्रात सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे. हे सगळं महाराष्ट्रातलंच, पण नरिमन पॉइंटच्या टोकाला.

म्हणून तिथल्या मंडळींना एक विनंती. साठ वादक पाठवू नका. ४१४ चार तंतुवाद्यांवर होतो, म्हणजे पियानोवाला धरून पाच माणसं. मुंबई-लातूर एक्स्प्रेस रात्री निघते आणि पहाटे धाराशिवला पोचते. स्टेशन गावाबाहेर आहे, पण न्यायला आम्ही येऊ. वाद्य तुम्हांला आणावं लागेल, इलेक्ट्रॉनिक आणलं तरी कुणी नाव ठेवणार नाही. एखादं मंगल कार्यालय लग्नसराई सोडून मिळेल. लोक मध्येच टाळ्या वाजवतील, तेवढं चालवून घ्या.